वाचक विचारतात : पैसे नाहीत म्हटलं की हक्क संपला का?

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की घर, औषधपाणी, शिक्षण, काम हे सगळे मानवी हक्कच आहेत, सरकारची मेहेरबानी नव्हे. त्यावर इतकी पत्रं आली की वाचता वाचता महिना संपला. काहींना पटलं, बऱ्याच जणांनी मला स्वप्नाळू ठरवलं आणि एका काकांनी तर सरळ शाळा घेतली माझी. सगळ्यांना उत्तरं देणं जमणार नाही, निवडक घेतलीयत, लांब होती ती कापलीयत, रागाने लिहिलेली मात्र जशीच्या तशी ठेवलीयत.

ताई, तुम्ही म्हणता घराचा हक्क, उपचाराचा हक्क. पण सरकारने हात वर केले, तिजोरीत पैसे नाहीत म्हणाले, की विषय संपला ना? ज्याची वसुलीच होत नाही त्याला हक्क कशाला म्हणायचं? (एक निवृत्त बँक कर्मचारी)

तुम्ही बँकेत होतात ना, मग मला एक सांगा, कर्जदार येऊन "पैसे नाहीत हो साहेब" म्हणाला की तुम्ही फाइल बंद करून त्याला चहा पाजायचात का? आधी विचारायचात की उत्पन्न किती आहे, ते गेलं कुठे, याच्या आधी कोणाचं देणं फेडलंस, आणि हे सगळं कागदावर दाखव. आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्कांचा जो आंतरराष्ट्रीय करार आहे, १९६६ चा, तो सरकारला अगदी हेच विचारतो. त्याच्या कलम २ मध्ये लिहिलंय की हे हक्क टप्प्याटप्प्याने पूर्ण करा, पण हाताशी असलेल्या साधनांची कमाल मर्यादा गाठून करा. आता सरकारं काय करतात, पहिला अर्धा भाग मोठ्याने वाचतात आणि दुसरा गिळून टाकतात.

या करारावर लक्ष ठेवायला १८ तज्ज्ञांची एक कमिटी आहे, जिनिव्हात बसते. तिने १९९० मध्ये या कलमाचा नीट अर्थ लावून ठेवलाय. टप्प्याटप्प्याने म्हणजे सवडीने असं नाही, पावलं लगेच उचलायला लागतात आणि ती कुठे चाललीत ते दिसायला पाहिजे. भेदभाव करायचा नाही ही गोष्ट तर पहिल्या दिवसापासून लागू, त्याला टप्पे वगैरे काही नाहीत. आणि प्रत्येक हक्काचा एक किमान गाभा असतो: पोटाला लागेल एवढं अन्न, प्राथमिक उपचार, डोक्यावर साधं छप्पर, मूलभूत शिक्षण. देशातली बरीच माणसं यालासुद्धा मुकत असतील तर तो देश करार मोडतोय असंच वरकरणी धरलं जातं आणि तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारवर येते, म्हणजे सगळे पैसे आधी इथेच लावले आणि तरीही पुरले नाहीत हे त्यांनी दाखवायचं. भुकेल्या माणसाने काही सिद्ध करायचं नसतं. मला विचाराल तर अख्ख्या करारातला माझा सगळ्यात आवडता भाग हाच.

तरीपण तुमचा मुद्दा पूर्ण खोडता येत नाही, ते मान्य. दक्षिण आफ्रिकेच्या राज्यघटनेत हे हक्क स्पष्ट लिहिलेत, तिथल्या घटना न्यायालयापुढे १९९७ मध्ये डरबनमधल्या एका माणसाची केस आली. दोन्ही किडन्या गेलेल्या, खासगी उपचाराचे पैसे संपलेले, सरकारी हॉस्पिटल म्हणतं मशीन मोजकी आहेत आणि ज्यांचं किडनी ट्रान्सप्लांट होऊ शकतं अशांनाच आम्ही कायमचं डायलिसिस देतो. कोर्टाने काय बघितलं, तर हा नियम सगळ्यांना सारखा लावलाय का आणि त्याला काही वैद्यकीय आधार आहे का. दोन्ही होतं. मागणी फेटाळली आणि थोड्याच दिवसात तो माणूस गेला. ही केस मी वर्गात अनेक वर्षं शिकवली, दरवर्षी कोणीतरी विद्यार्थी चिडून उठायचाच आणि मला ते बरंच वाटायचं.

पण त्याच कोर्टाचा २००२ चा निकाल पण वाचा. आईकडून बाळाला एचआयव्ही होऊ नये म्हणून नेव्हिरापिन नावाचं औषध देतात. सरकार ते फक्त काही ठरावीक प्रायोगिक केंद्रांवर देत होतं, बाकीच्या सरकारी दवाखान्यांमधल्या डॉक्टरांना द्यायला मनाई. आणि गंमत म्हणजे कंपनीने ते औषध पाच वर्षं फुकट द्यायची तयारी दाखवली होती! म्हणजे निदान औषधाच्या बाबतीत तरी पैसे नाहीत म्हणायला तोंडच नव्हतं. कोर्टाने हिशोब मागितला, तो काही जमेना, मग कोर्टाने सांगितलं ही बंदी काढा. दोन्ही वेळेला कोर्टाने विचारलेला प्रश्न एकच होता बघा, एकदा सरकारकडे उत्तर होतं आणि एकदा नव्हतं.

तर वसुली होते का, कधी होते कधी नाही. पण हिशोब मागता येतो, आणि मेहेरबानीचा हिशोब कोणी मागू शकत नाही.

भाषणस्वातंत्र्य, मतदान हे खरे हक्क. जेवण, नोकरी हे नंतर कोणीतरी चिकटवलंय असं आमच्या सरांनी सांगितलं. खरं आहे का? (कायद्याची विद्यार्थिनी)

सरांना माझा नमस्कार सांग आणि त्यांना संयुक्त राष्ट्रांचा १९४८ चा मानवी हक्कांचा जाहीरनामा पुन्हा एकदा उघडायला सांग. १० डिसेंबर १९४८, पॅरिस, आमसभेत ४८ मतं बाजूने, विरोधात एकही नाही, ८ देश तटस्थ. त्यात कलम १९ ला अभिव्यक्ती स्वातंत्र्य आहे, २१ ला निवडणुका आहेत आणि लगेच पुढे २२ ला सामाजिक सुरक्षा, २३ ला काम आणि समान कामाला समान वेतन, २५ ला अन्न वस्त्र निवारा उपचार, २६ ला शिक्षण. सगळं एकाच कागदावर, एकाच दिवशी, मग चिकटवलं कधी?

फाटाफूट झाली ती त्यानंतर. जाहीरनाम्याला कायद्याचं बंधन नव्हतं म्हणून करार करायचा ठरला, पण शीतयुद्ध तापलेलं, पाश्चिमात्य देश नागरी हक्कांवर अडलेले आणि सोव्हिएत गट आर्थिक हक्कांवर, शेवटी १९५२ मध्ये आमसभेने एकाच्या ऐवजी दोन करार करायचे ठरवलं, एक नागरी आणि राजकीय हक्कांचा, दुसरा वर सांगितलेला आर्थिक, सामाजिक हक्कांचा. दोन्ही मंजूर झाले एकाच दिवशी, १६ डिसेंबर १९६६, आणि लागू व्हायला १९७६ उजाडलं. या वाटणीचा परिणाम अजून दिसतो. अमेरिकेने आर्थिक हक्कांच्या करारावर १९७७ मध्ये सही केली पण मान्यता आजतागायत दिलेली नाही, आणि चीनने हा करार २००१ मध्ये मान्य केला पण नागरी हक्कांच्या करारावर १९९८ ची नुसती सही आहे. दोघांनी आपापल्या आवडीचं ताटात घेतलं आणि उरलेलं बाजूला सारलं.

आणि गंमत बघ, युद्ध चालू असताना जानेवारी १९४४ मध्ये अमेरिकेचाच अध्यक्ष, रुझवेल्ट, काँग्रेसला सांगत होता की गरजेपोटी लाचार झालेली माणसं स्वतंत्र नसतात, त्यांना नोकरी, घर, उपचार, शिक्षण यांची दुसरी हक्कसनद हवी. सरांना हे पण सांग, जरा हळूच.

घराचा हक्क म्हणजे सरकारने मला घर बांधून द्यायचं का? हो किंवा नाही मध्ये सांगा. (एक वाचक)

नाही.

पण एवढ्यावर थांबले तर तुम्ही हेच सगळीकडे सांगत सुटाल म्हणून पुढचं पण वाचा. या हक्कांच्या बाबतीत सरकारची तीन कामं धरतात. नॉर्वेच्या आस्ब्यॉर्न आइडे यांनी १९८७ मध्ये अन्नाच्या हक्कावरच्या आपल्या रिपोर्टमध्ये ही मांडणी केली आणि मग सगळ्यांनीच ती उचलली. पहिलं काम, तुम्ही स्वतः नुकसान करू नका, म्हणजे लोकांनी आपल्या कष्टाने उभं केलेलं घर पाडू नका, शेत बुडवू नका. दुसरं, दुसऱ्या कोणाला करू देऊ नका, मग तो घरमालक असो, कंपनी असो की गावगुंड. तिसरं, जिथे लोकांना स्वतःच्या बळावर जमत नाही तिथे सोय करा, आणि प्रत्यक्ष हातात काही द्यायची वेळ येते ती यातही अगदी शेवटी, माणूस स्वतःच्या हाताबाहेरच्या कारणाने अडकला असेल तेव्हा. पहिल्याला तर फारसा पैसा पण लागत नाही हो, बुलडोझर न पाठवणं स्वस्तच पडतं!

यावरची सगळ्यात गाजलेली केस पण दक्षिण आफ्रिकेचीच, आयरीन ग्रूटबूम यांची. केप टाऊनजवळची एक वस्ती, पावसात पाणी भरायचं म्हणून काही शे लोक, त्यातली निम्म्याहून जास्त मुलं, शेजारच्या मोकळ्या जमिनीवर राहायला गेले, तिथून त्यांना हाकललं, झोपड्या पाडल्या आणि ते शेवटी एका खेळाच्या मैदानावर प्लॅस्टिकखाली येऊन पडले, हिवाळा सुरू होताना. ऑक्टोबर २००० मध्ये घटना न्यायालयाने निकाल दिला. सरकारची घरबांधणी योजना मोठी होती, कागदोपत्री चांगली पण होती, पण ज्याला आज रात्री डोक्यावर छप्परच नाही त्याच्यासाठी तिच्यात एक ओळसुद्धा नव्हती, आणि ज्या योजनेत सगळ्यात गरजू माणूसच दिसत नाही ती वाजवी म्हणता येत नाही असं कोर्ट म्हणालं. जगभरच्या कायद्याच्या पुस्तकांत गेला तो निकाल. आयरीन ग्रूटबूम २००८ मध्ये वारल्या, तोपर्यंत झोपडीतच राहत होत्या.

ही शेवटची गोष्ट मी लपवत नाही. निकालाने धोरण बदललं, निकाल ज्यांच्या नावाने ओळखला जातो त्यांना घर मिळालं नाही. या विषयावर लिहिताना फक्त पहिलं वाक्य सांगणारे पण भेटतात आणि फक्त दुसरं सांगणारे पण, मला दोघांचाही कंटाळा येतो.

पगारी सुट्टी हा मानवी हक्क आहे म्हणे! हसावं की रडावं? (एक छोटा उद्योजक)

हसा हवं तर, पण आहे. जाहीरनाम्याच्या कलम २४ मध्ये आहे आणि करारात कलम ७ मध्ये, कामाच्या तासांवर वाजवी मर्यादा आणि ठरावीक काळाने पगारी सुट्टी. या कलमाची चेष्टा करणारे तुम्ही पहिले नाही, तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात पण केलीय लोकांनी. चेष्टा करणारे बहुतेक वेळा स्वतःच्या सुट्टीतच ते लिहीत असतात.

ताई, काय हो हे, उद्या श्वास घ्यायचे पण पैसे सरकारने द्यावेत म्हणाल! आम्ही घाम गाळून कमवायचं, टॅक्स भरायचा आणि लोकांनी हक्क हक्क म्हणत बसून खायचं. कोणीही मागितलेला आकडा द्यायचा का? किती द्यायचं हे ठरवणार कोण, ती जिनिव्हाची कमिटी? (नाव छापू नये)

काका, नाव छापत नाहीये. राग बाजूला ठेवून तुमचा शेवटचा प्रश्न घेते कारण तो खरंच चांगला आहे. आकडा कोण ठरवणार?

जर्मनीतली गोष्ट सांगते. तिथे बेकार लोकांना जो भत्ता मिळायचा त्यात लहान मुलांचा भत्ता म्हणजे मोठ्या माणसाच्या ६० टक्के असं धरलेलं, १४ वर्षांखालच्यांसाठी. प्रकरण त्यांच्या घटना न्यायालयात गेलं, ९ फेब्रुवारी २०१० ला निकाल आला. आता कोर्टाने काय म्हणावं? आकडा कमी आहे, वाढवा, असं म्हटलंच नाही! उलट तो उघडपणे अपुरा आहे असं म्हणता येत नाही असं सांगितलं. कोर्टाने एवढंच विचारलं की हे ६० टक्के आले कुठून. आणि सरकारकडे उत्तर नव्हतं, कोणी बसून मुलांना काय लागतं ते मोजलंच नव्हतं, वह्या, कंपासपेट्या, शाळेचा खर्च कशाचाच हिशोब नव्हता. कोर्टाने लिहिलं की मुलं म्हणजे लहान आकाराची मोठी माणसं नव्हेत. वर्ष संपायच्या आत पुन्हा मोजा आणि कसं मोजलंत ते दाखवा.

यात कमिटी पण नाही आणि मागेल तो आकडा पण नाही. आकडा संसदेनेच ठरवायचा, फक्त हवेतून आणायचा नाही. तुम्ही टॅक्स भरता ना, मग तुमचा पैसा कुठल्या हिशोबाने वाटला जातोय हे तुम्हालाही कळायला हवंच की, इथे तुमचं आणि त्या बेकार बापाचं म्हणणं एकच आहे, फक्त तुम्ही त्याच्याशी भांडताय.

आणि बसून खाण्याचं म्हणाल तर करारात कामाच्या हक्कावर तीन कलमं आहेत, ६, ७ आणि ८, कामाची संधी, कामाच्या अटी, युनियन आणि संप. लोकांनी बसून राहावं असं लिहिणाऱ्यांना वाटत असतं तर संपाबद्दल लिहायची काय गरज होती. श्वासाचं मात्र तुम्ही चेष्टेत बोललात, शुद्ध हवेवरून खरोखरच केसेस चालू आहेत, तो विषय पुढच्या वेळी.

माझ्या ओळखीच्या कुटुंबाला भाड्याच्या घरातून काढतायत. थेट युनोकडे तक्रार करता येते असं ऐकलं. पत्ता द्याल का? (एक सामाजिक कार्यकर्ती)

पत्ता देण्याआधी जरा थांबवते तुम्हाला. अशी तक्रार करता येते पण त्यासाठी एक वेगळा ऐच्छिक प्रोटोकॉल, म्हणजे मूळ कराराला जोडलेला जादा करार आहे, २००८ मध्ये मंजूर झाला, ५ मे २०१३ पासून लागू झाला. ज्या देशाने तो स्वतः मान्य केलाय फक्त त्याच्याविरुद्धच तक्रार जाते. मूळ करार मान्य केलेले देश खूप आहेत, प्रोटोकॉलवाले त्या मानाने अगदी थोडे. भारताने मूळ करार १९७९ मध्ये मान्य केला, हा प्रोटोकॉल नाही केलेला. म्हणजे ते कुटुंब इथलं असेल तर ती वाट बंद, इथल्या कोर्टातच जायला लागेल, आणि मी म्हणेन की आजच वकील गाठा.

जिथे वाट उघडी आहे तिथेही आधी देशातली कोर्टं संपवायला लागतात, ती अवाजवी रखडवत असतील तर गोष्ट वेगळी, आणि शेवटच्या निकालापासून साधारण वर्षाच्या आत लेखी आणि स्वतःच्या नावाने अर्ज. निनावी चालत नाही.

पण याचा उपयोग होतो का, तर स्पेनच्या दोन केसेस सांगते, दोन्ही घराच्याच. पहिली २०१५ ची, या प्रोटोकॉलखाली कमिटीने पहिल्यांदा करारभंग ठरवला तो हिच्यात. माद्रिदमधली बाई, गृहकर्जाचे काही हप्ते थकले, बँक कोर्टात गेली, कोर्टाची नोटीस काही तिच्या हातात पडली नाही आणि मग ती कोर्टाच्या नोटीस बोर्डावर लावून कोर्ट मोकळं झालं. बाईला कळलं ते घर लिलावात निघाल्यावर! कमिटी म्हणाली की राहतं घर जाणार असेल तर नोटीस माणसापर्यंत पोचायलाच हवी, बोर्डावर लावणं हा अगदी शेवटचा उपाय.

दुसरी २०१७ ची, तुमच्या ओळखीच्या कुटुंबासारखीच. नवरा बायको, दोन लहान मुलं, भाड्याची खोली, भाडेकरार संपला. ही माणसं दहा वर्षांहून जास्त काळ सरकारी घरासाठी अर्ज करत होती आणि माद्रिदच्या प्रशासनाने मधल्या काळात सरकारी घरांपैकी काही गुंतवणूक कंपन्यांना विकली होती. घरमालकाचा हक्क कमिटीने नाकारला नाही, हे लक्षात ठेवा, लोक हे विसरून घरमालकावर तुटून पडतात. प्रश्न सरकारला होता की या मुलांना रस्त्यावर काढायच्या आधी तुम्ही दुसरी सोय करायचा प्रयत्न किती केलात आणि घरांची टंचाई असताना घरं विकलीत का. समाधानकारक उत्तर आलं नाही, करारभंग ठरला.

आता कमिटीच्या मताला कोर्टाच्या हुकुमासारखी ताकद नाही, पोलिस घेऊन कोणी अंमलबजावणीला येत नाही, हे खरं. पण तुमच्या कुटुंबासाठी एक गोष्ट अजून उपयोगाची आहे, घरं रिकामी करवण्याबद्दल कमिटीने १९९७ मध्ये काढलेलं भाष्य. पुरेशी आधी नोटीस, लोकांशी खरीखुरी चर्चा, रात्री किंवा खराब हवामानात घर रिकामं करायला लावायचं नाही, आणि कोणी बेघर होता कामा नये. मूळ करार मान्य केलेल्या देशांच्या कोर्टांसमोर हे नक्कीच मांडता येतं, वकिलाला दाखवा. कारवाई पावसात किंवा रात्री ठरवलीय का ते आधी बघा आणि ठरवली असेल तर तारीख, वेळ, कोण आलं होतं, सगळं त्याच दिवशी लिहून ठेवा, फोटो काढा. कागद असला की भांडता येतं.

कारखान्याने आमचं पाणी खराब केलं तर मानवी हक्कांचा काय संबंध? करारावर सही सरकारची, कंपनीची नाही. (एक शेतकरी वाचक)

दादा, बरोबर पकडलंत, कंपनीची सही नाही. पण वर जे दुसरं काम सांगितलं, दुसऱ्याला नुकसान करू देऊ नका, ते याच्यासाठीच आहे. नायजेरियात ओगोनी लोकांच्या भागात तेल काढताना जमीन आणि पाणी नासलं, सरकारी तेल कंपनी त्यात परदेशी कंपनीची भागीदार होती, विरोध करणाऱ्यांच्या गावांवर लष्कर गेलं. आफ्रिकन मानवी हक्क आयोगाने २००१ मध्ये सरकारला दोषी धरलं. हा आयोग ज्या आफ्रिकन मानवी हक्क सनदेवर चालतो तिच्यात अन्नाचा हक्क, घराचा हक्क शब्दात लिहिलेला सुद्धा नव्हता, आयोगाने तो जगण्याच्या, आरोग्याच्या, मालमत्तेच्या हक्कातून काढला.

पाण्याचंही तसंच आहे. १९६६ च्या करारात पाणी हा शब्द हक्क म्हणून कुठेच नाही, बहुतेक कोणाला वाटलंच नसेल की हे पण लिहायला लागेल. कमिटीने २००२ मध्ये तो राहणीमान आणि आरोग्याच्या कलमातून वाचून काढला आणि २०१० मध्ये आमसभेने ठराव केला, १२२ मतं बाजूने, विरोधात शून्य, ४१ तटस्थ. त्यामुळे तुमच्या अर्जात कारखान्याचं नाव तर घालाच, पण ज्या खात्याने त्याला परवाना दिला आणि नंतर तपासणीला फिरकलं नाही त्या खात्याचं नाव त्याच्या वर घाला, आणि शेवटची तपासणी कधी केलीत, त्याचा रिपोर्ट द्या, असं पहिल्याच ओळीत मागा.